घरची हौस आणि कचेरीचें काम

संगणकाच्या व्यवसायांत 'फुल-स्टॅक इंजिनियर' असें एक नांव रूढ आहे. कार्यप्रसंगीं आंत रांधणारा निराळा आणि पंगतींत वाढणारा निराळा असतो. हा इंजिनियर मात्र रांधतोही आणि वाढतोही. पडद्यावर दिसणारें पान रचणें हें वाढण्याचें काम. दूरच्या यंत्रांत माहिती सांठवून ती मागणाऱ्याला पुरविणें हें रांधण्याचें. अशा माणसाची हौस कोठें संपते आणि नोकरी कोठें सुरू होते, हें सांगणें कठीण असतें. टिम बर्नर्स-ली यांचेंच उदाहरण पाहूं.

१९८० सालीं हे इंग्रज गृहस्थ जिनीव्हाजवळील 'सर्न' या संशोधनसंस्थेंत कांहीं महिने कामाला होते. तेथें देशोदेशींचीं माणसें येत आणि थोड्या वर्षांनीं निघून जात. माणूस गेला कीं त्याच्याजवळची माहितीही जाई. स्वतःच्या स्मरणाला आधार म्हणून त्यांनीं 'एन्क्वायर' नांवाचा प्रोग्राम लिहिला. त्यांतील एक टिपण दुसऱ्याशीं जोडलेलें असे. ही केवळ खासगी सोय होती.

१९८४ सालीं ते संस्थेंत परतले, तों अडचण कायमच होती. मार्च १९८९ मध्यें त्यांनीं हीच कल्पना विस्तारून वरिष्ठांपुढें ठेवली. माइक सेंडॉल यांनीं त्या कागदावर 'मोघम, पण चित्तवेधक' अशा अर्थाचा शेरा मारला. संस्थेची अधिकृत योजना ती कधींच झाली नाहीं. परंतु सेंडॉल यांनीं त्यांना वेळ काढून दिला.

१९९० च्या अखेरीस त्यांनीं पान मागविणारा व दाखविणारा ब्राउझर, पान पुरविणारा सर्व्हर आणि पान लिहिण्याची भाषा हीं तिन्ही सिद्ध केलीं. सर्व्हरावांचून ब्राउझर म्हणजे रिकामें ताट, आणि ब्राउझरावांचून सर्व्हर म्हणजे कोणी न वाढलेलें अन्न. म्हणून दोन्ही टोंकें एकाच हातीं असणें उपयोगाचें ठरलें. जगांतील तो पहिला सर्व्हर त्यांच्या कचेरींतील एका यंत्रावर चाले. हें यंत्र बंद करूं नये, अशी तांबड्या शाईची चिठ्ठी त्यावर डकविली होती. एखाद्यानें सहज कळ दाबली असती, तर सारा कारभार थांबता!

खरी कसोटी पुढेंच होती. १९९३ च्या प्रारंभीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठानें 'गोफर' या तशाच उपयोगाच्या सर्व्हरासाठीं कांहींजणांकडून शुल्क घेण्याचें जाहीर केलें, आणि लोक त्यापासून दूर होऊं लागले. उलट ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें आपले प्रोग्राम सर्वांस विनामूल्य खुले केले. एका माणसाच्या टिपणवहींतून उगवलेली 'वर्ल्ड वाइड वेब' त्या दिवसापासून कोणा एकाची उरली नाहीं.

आपल्या घरांतील एखादा तरुण कचेरींतून आल्यावर पुन्हां संगणकापुढें बसला, तर 'अजून काम संपलें नाहीं काय?' असें त्यास विचारूं नये. 'कोणती अडचण सोडवितो आहेस?' असें विचारावें. उत्तर ऐकण्यासारखें असण्याचा संभव आहे.