‘वरून आदेश आहे’ म्हणजे नेमका कुणाचा?

कापसाच्या भावाचं, पीकविम्याचं किंवा रखडलेल्या सिंचनाचं गाऱ्हाणं घेऊन माणूस आमदाराकडे जातो. चहा होतो, विचारपूस होते आणि शेवटी ऐकायला मिळतं, ‘पक्षाची भूमिका वेगळी आहे, वरून आदेश आहे, माझ्या हातात काही नाही.’ माणूस मान डोलावून परत फिरतो, कारण त्यालाही तसंच वाटत असतं. यवतमाळ जिल्ह्यात विधानसभेचे सात मतदारसंघ आहेत आणि २०२४ मध्ये तिथून पाच वेगवेगळ्या पक्षांचे आमदार निवडून आले. त्यात भाजपचे तीन. पाचही पक्षांच्या लोकांकडून हेच उत्तर ऐकू येत असेल, तर ते कितपत खरं आहे हे तपासायलाच हवं.

‘पक्षाच्या अध्यक्षाचं ऐकलं नाही तर आमदारकी जाते’

हा सगळ्यांत पसरलेला गैरसमज. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ मध्ये ५२व्या घटनादुरुस्तीने आला आणि राज्यघटनेला दहावं परिशिष्ट जोडलं गेलं. पक्षाच्या आमदाराचं सदस्यत्व त्यानुसार मुख्यतः दोनच कारणांनी जातं. एक, त्याने स्वेच्छेने पक्ष सोडला. दोन, पक्षाच्या आदेशाविरुद्ध, म्हणजे व्हिपविरुद्ध, त्याने सभागृहात मतदान केलं किंवा मतदानाला गैरहजर राहिला. दुसऱ्या प्रकारातही पक्षाने १५ दिवसांच्या आत माफ केलं तर कारवाई होत नाही.

म्हणजे व्हिपचं बंधन मतदानापुरतं आहे. अध्यक्षांचा फोन म्हणजे व्हिप नव्हे, आणि जिल्हाध्यक्षांचा निरोप तर नव्हेच. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या किहोटो होलोहान निकालात आणखी पुढे जाऊन म्हटलं, की व्हिप मोडल्याची ही शिक्षा सरकारवरच्या विश्वास-अविश्वासाच्या मतदानापुरती आणि पक्षाच्या मूळ धोरणाशी निगडित विषयांपुरती असावी. आपल्या तालुक्यातल्या कापूस खरेदी केंद्राबद्दल आमदार सभागृहात कडक बोलला, तर तेवढ्यावरून त्याची खुर्ची हलत नाही.

मोकळीक अमर्याद आहे असं मात्र नाही. गोव्याच्या रवी नाईक प्रकरणात १९९४ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की पक्ष सोडायला राजीनाम्याचा कागदच लागतो असं नाही. वागण्यावरूनही तसा निष्कर्ष काढता येतो. विरोधकांच्या गोटात जाऊन बसणारा आमदार ‘मी राजीनामा दिलेलाच नाही’ म्हणून सुटत नाही. पण पक्षात राहून पक्षाला सुनावणं आणि पक्ष सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘पक्षाने हाकललं की आमदारकी संपली’

उलट आहे. विश्वनाथन प्रकरणात १९९६ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं, की हकालपट्टी झालेला आमदार आमदारच राहतो आणि सभागृहात तो जुन्याच पक्षाचा मानला जातो. हकालपट्टीने सभागृहातली जागा रिकामी होत नाही.

‘तिकीट प्रदेशाध्यक्षांच्या हातात असतं’

खरी भीती इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

भाजपमध्ये विधानसभेच्या उमेदवारीवर शेवटचं शिक्कामोर्तब दिल्लीची केंद्रीय निवडणूक समिती करते. प्रदेशाध्यक्ष आणि प्रदेशाचे नेते नावं सुचवतात, आग्रह धरतात, पण यादी दिल्लीहून येते. मग त्या निर्णयाला कागदी रूप मिळतं ते एबी फॉर्मने. पक्षाच्या वतीने उमेदवार ठरवायचा अधिकार कोणत्या पदाधिकाऱ्याला दिला हे ‘ए’ फॉर्म सांगतो, आणि त्या पदाधिकाऱ्याने कोणाला उभं केलं ते ‘बी’ फॉर्म. सही शाईची लागते. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत हे कागद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचले नाहीत, तर पाच वर्षं आमदार असलेला माणूसही पक्षाचं चिन्ह गमावतो. २०२४ च्या विधानसभेला हा दिवस २९ ऑक्टोबर होता. पाच वर्षं सभागृहात दबून बसणारे बरेच जण याच कागदासाठी दबून बसतात.

उमरखेडमध्ये भाजपने २०१४ ला राजेंद्र नजरधने, २०१९ ला नामदेव ससाने आणि २०२४ ला किसन वानखेडे यांना उभं केलं. तिघेही निवडून आले. म्हणजे निवडून आलेल्या आमदाराला दोन्ही वेळा बाजूला सारून नवा माणूस दिला गेला. आर्णीत २०१४ चे आमदार राजू तोडसाम यांना २०१९ ला तिकीट नाकारलं गेलं. ते अपक्ष लढले आणि हरले. भाजपचे संदीप धुर्वे जिंकले. २०२४ ला तिकीट पुन्हा तोडसाम यांच्याकडे आलं आणि ते पुन्हा आमदार झाले. नागपूर जिल्ह्यात चंद्रशेखर बावनकुळे मंत्री असताना २०१९ ला कामठीतून त्यांचं तिकीट कापलं गेलं. ते पक्षातच राहिले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच पक्षाचे प्रदेशाध्यक्ष झाले.

माझ्या मते या उदाहरणांचा अर्थ एकच निघतो. गप्प राहिलेल्याला तिकीट मिळतंच असं नाही, आणि बंड केलेल्याला दार कायमचं बंद होतं असंही नाही. मग गप्प राहून मतदाराचं नुकसान कशासाठी करायचं?

‘हायकमांड काँग्रेसची, भाजपात आमदार आपला नेता स्वतः निवडतात’

हायकमांडची ताकद पुसदइतकी जवळून कोणी पाहिली असेल? पुसदचे वसंतराव नाईक १९६३ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते. फेब्रुवारी १९७५ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं, तेव्हा विधानसभेत अविश्वास ठराव मंजूर झालेला नव्हता. निर्णय दिल्लीत, इंदिरा गांधींच्या पातळीवर झाला होता. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि १९९३ च्या सुरुवातीला त्यांनाही जावं लागलं.

पण हे फक्त काँग्रेसचं दुखणं समजू नका. ३० जून २०२२ ची संध्याकाळ आठवा. आपण एकनाथ शिंदे यांच्या नव्या सरकारबाहेर राहणार असं भाजपचे देवेंद्र फडणवीस यांनी पत्रकार परिषदेत जाहीर केलं होतं. काही तासांत राष्ट्रीय अध्यक्ष जे. पी. नड्डा यांनी त्यांना सरकारमध्ये जाण्यास सांगितलं, तेही उघडपणे, आणि त्याच संध्याकाळी फडणवीस यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. त्यांना भाग पाडू शकेल असा एकही कायदा नव्हता. होती ती पक्षशिस्त. ४ डिसेंबर २०२४ ला ते विधिमंडळ पक्षाचे नेते निवडले गेले, तेव्हाही निर्मला सीतारामन आणि विजय रूपाणी हे केंद्रीय निरीक्षक हजर होते. हात आमदारच वर करतात. नाव मात्र बहुधा आधीच ठरलेलं असतं.

‘पक्षप्रमुख म्हणजेच पक्ष’

हा समज शिवसेनेत सर्वांत पक्का होता, आणि तिथेच तो फुटला. दिग्रसचे संजय राठोड २०२२ च्या बंडात एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रतोद आणि गटनेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळातल्या आमदारांच्या गटाचा नाही. यावरून पक्षनेतृत्वाचा हात वर झाल्यासारखा वाटतो. पण १० जानेवारी २०२४ ला विधानसभाध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी निर्णय दिला, की पक्षप्रमुखाची इच्छा म्हणजे पक्षाची इच्छा नव्हे. त्यांनी १९९९ ची पक्षघटना आधाराला घेतली, बहुमत मोजलं आणि शिंदे गटाला खरी शिवसेना मानलं. दोन्ही गटांतल्या एकाही आमदाराची आमदारकी गेली नाही.

यवतमाळ-वाशिमच्या तेव्हाच्या खासदार भावना गवळी लोकसभेत शिवसेनेच्या मुख्य प्रतोद होत्या. जुलै २०२२ मध्ये उद्धव ठाकरे यांच्या पक्षाने त्यांच्या जागी राजन विचारे यांचं नाव दिलं, पण लोकसभाध्यक्षांनी शिंदे गटाचं म्हणणं मान्य केलं. इतरांना व्हिप बजावणाऱ्या, पाच वेळा खासदार झालेल्या या बाईंना २०२४ ला त्यांच्याच पक्षाने लोकसभेचं तिकीट दिलं नाही. पुढे त्या विधान परिषदेवर गेल्या.

म्हणून ‘वरून आदेश आहे’ हे उत्तर पुढच्या वेळी ऐकलंत, तर तिथेच थांबून विचारा: व्हिप कोणत्या ठरावावर निघाला? कोणाच्या सहीने? मतदान कधी आहे? व्हिप नसेल, तर कापसाचा प्रश्न तारांकित म्हणून विधानसभेत टाका, लक्षवेधी द्या, असं त्यांना सांगा. लक्षवेधीला परवानगी लागते ती विधानसभेच्या अध्यक्षांची. पक्षाच्या अध्यक्षाची सही त्या दोन्ही कागदांवर लागत नाही.