पडद्यावरील अक्षर आणि कागदावरील अक्षर

संगणकावर मराठी लिहूं लागलेल्या वृद्ध मंडळींची एक तक्रार वारंवार कानीं येते. अक्षर बारीक दिसतें, डोळे दुखूं लागतात आणि चार दिवसांत लेखन बंद पडतें. मग घरांतील एखादा तरुण "फॉण्ट मोठा करा" असा सल्ला देतो. १२ च्या जागीं २४ होतात, डोळ्यांस समाधान वाटतें; परंतु अर्ज छापून हातीं आला म्हणजे एका पृष्ठाच्या मजकुराचीं जवळजवळ चार पृष्ठें झालेलीं दिसतात. चारच कां, हें भूमितीच्या विद्यार्थ्यास सहज उमगेल. अक्षराची उंची दुप्पट झाली तशी रुंदीहि दुप्पट झाली, अर्थात् त्यानें व्यापिलेली जागा चौपट झाली.

श्रोतेहो, अक्षराचा आकार निराळा आणि अक्षराचें दर्शन निराळें. पोथीवर भिंग धरलें म्हणून पोथींतील अक्षर वाढत नाहीं. वर्ड या प्रोग्रॅममध्यें असें भिंग बसविलेलेंच आहे. त्यास झूम म्हणतात. खिडकीच्या तळाशीं उजव्या कोपऱ्यांत एक सरकती खूण व तिच्या शेजारीं शेंकडेवारीचा आकडा असतो. तेथें १०० च्या जागीं १५० किंवा १८० करावे. कंट्रोलची कळ दाबून धरून माउसचें चाक फिरविलें तरी तेंच कार्य होतें. हें भिंग १० टक्क्यांपासून ५०० टक्क्यांपर्यंत चालतें, आणि तें कितीहि वाढविलें तरी अक्षराचा मूळचा आकडा १२ च राहातो. छापील पृष्ठ एकच निघतें.

मात्र भिंग फार वाढविलें कीं ओळीचें टोंक पडद्याबाहेर जातें, आणि प्रत्येक ओळीला पडदा डावी-उजवीकडे सरकवीत बसावें लागतें. हा त्रास पहिल्यापेक्षां वाईट. यावर उपाय असा कीं, वरच्या पट्टींतील 'व्ह्यू' या सदरांत जाऊन 'वेब लेआउट' निवडावें. मग ओळ खिडकीच्या कडेशींच मोडते व अक्षर मोठें असूनहि नजरेच्या टप्प्यांत राहातें. या दर्शनांत पृष्ठ कोठें संपतें तें कळत नाहीं; यास्तव लिहितांना वेब लेआउट आणि छापण्यापूर्वीं 'प्रिंट लेआउट', अशी संवय ठेवावी हें उत्तम. पांढऱ्या प्रकाशानें ज्यांचे डोळे दिपतात त्यांच्यासाठीं नव्या वर्डमध्यें काळ्या पृष्ठावर पांढरें अक्षर दाखविण्याचीहि सोय आहे. कागद अर्थातच पांढराच येतो.

पडदा कागदासारखा दिसावा ही कल्पनाहि फारशी जुनी नव्हे. १९७४ सालीं अमेरिकेंत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी प्रभृतींनीं 'ब्राव्हो' नांवाचा प्रोग्रॅम रचला. त्यांत ठळक अक्षर पडद्यावरहि ठळकच दिसे. सिमोनी पुढें १९८१ सालीं मायक्रोसॉफ्टमध्यें गेले, आणि १९८३ सालीं वर्ड बाहेर पडला. तथापि वर्डस्टारसारख्या त्या काळच्या लोकप्रिय प्रोग्रॅमांत ठळक शब्दाच्या आगेंमागें केवळ खुणा दिसत, आणि खरें रूप कागदावरच पाहावयास मिळे. पडदा कागदासारखा झाला ही मोठीच सोय झाली. पण तिच्याबरोबर एक गैरसमजहि शिरला, तो असा कीं, पडद्यावर जें जें दिसतें तें तें कागदावर उतरणारच.

तसें होत नाहीं. 'होम' सदरांत इंग्रजी पी अक्षर आरशांत पाहावें तशी एक खूण आहे. ती दाबतांच, अथवा कंट्रोल, शिफ्ट व ८ या कळा एकदम दाबतांच, मजकुरांत ठिपके व बाण प्रकट होतात. लिब्रेऑफिस रायटर वापरणारांनीं कंट्रोल व एफ-१० दाबावें. पुष्कळजण या खुणा पाहून घाबरतात. परंतु यांतील एकहि खूण छापली जात नाहीं, आणि शिकणाराला तर यांच्यासारखा गुरु नाहीं. प्रत्येक ठिपका म्हणजे एक स्पेस, प्रत्येक बाण म्हणजे एक टॅब, आणि उलटा पी म्हणजे एंटरनें संपलेला परिच्छेद. 'आपला नम्र' हे शब्द उजवीकडे नेण्यासाठीं कोणी चाळीस वेळां स्पेस दाबली असेल तर मुंग्यांच्या रांगेसारखे चाळीस ठिपके दिसतात, आणि दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या फॉण्टमध्यें, तीच सही भलतीकडे कां सरकते याचा उलगडा होतो.

शब्दांखालच्या तांबड्या नागमोडी रेघांचीहि तीच कथा. त्याहि छापल्या जात नाहींत. मास्तरकीच्या पेशांत तांबडी शाई मीहि पुष्कळ खर्च केली, पण निदान मराठीचा निबंध हिंदीचा म्हणून तपासला नाहीं! यंत्र मात्र तसें करतें. मजकुराची भाषा हिंदी अशी नोंदली गेली असेल तर शुद्ध मराठी शब्दांखालींहि रेघा येतात. 'रिव्ह्यू' सदरांतील 'लँग्वेज'मध्यें भाषा मराठी करावी. एवढें करूनहि रेघा उरल्या तर त्या लपविण्याची सोय 'ऑप्शन्स'मधील 'प्रूफिंग' या भागांत आहे.

एक अपवाद मात्र विसरतां कामा नये. दुसऱ्या कोणी आपल्या मजकुरांत सुचविलेल्या दुरुस्त्या आणि समासांत लिहिलेले शेरे पडद्यावर दिसत असतील, तर ते सामान्यतः कागदावरहि उतरतात. कचेरींत द्यावयाच्या अर्जाच्या समासांत मुलाचा शेरा छापून गेला तर शोभा व्हावयाची. म्हणून छापण्याच्या पानावर, सेटिंग्जमधील यादी उघडून, 'प्रिंट मार्कअप' यापुढील बरोबरची खूण काढून टाकावी आणि शेजारीं दिसणारा पृष्ठाचा नमुना एकदां पाहून मगच छापण्याची आज्ञा द्यावी.