आरसा चाळीस मिलिमीटर पुढे

सहा इंची परावर्तक दुर्बिणीतून चंद्रावरची विवरं लख्ख दिसत होती. आयपीस काढून त्या जागी कॅमेरा लावला, की मात्र नुसता पांढुरका गोळा. फोकसर पार आत ढकलला तरी तो गोळा काही आवळेना. आसनगावला घराच्या गच्चीवर दोन रात्री यातच गेल्या. दुर्बिणीत दोष नव्हता. ती डोळ्याने बघायला बनवलेली होती.

न्यूटनच्या रचनेत तळाचा मोठा आरसा प्रकाश गोळा करतो आणि तोंडाजवळचा लहान तिरपा आरसा तो बाजूच्या फोकसरमध्ये वळवतो. प्रतिमा फोकसरच्या जेमतेम बाहेर पडते. आयपीसला तेवढं पुरतं. कॅननच्या डीएसएलआर कॅमेऱ्यात सेन्सर लेन्स-माउंटच्या कडेपासून ४४ मिलिमीटर आत असतो. कॅमेरा फोकसरला जोडणाऱ्या टी-रिंगची जाडी धरली की ५५. मध्ये बार्लो भिंग घातलं तर प्रतिमा बाहेर येते, पण दुप्पट मोठी आणि चौपट मंद होऊन. चंद्राला ते चालतं, तेजोमेघांना नाही. म्हणून मोठा आरसाच पुढे सरकवायचं ठरवलं.

किती सरकवायचा, ते चंद्रानेच सांगितलं. फोकसर पूर्ण आत घेऊन त्याच्या तोंडासमोर बटर पेपर धरला. कागद मागेपुढे करता करता एका जागी हरभऱ्याएवढा, सात मिलिमीटरचा रेखीव चंद्र त्यावर उमटला. इतका सुंदर, की पट्टी लावायचं क्षणभर राहूनच गेलं. अंतर भरलं २० मिलिमीटर. हवे होते ५५. कमी पडणारे ३५ आणि फोकस साधायला वर ५, असे ४०.

आरशाची बैठक तीन स्क्रूंनी नळीला धरलेली असते. ती पुढे बसवायला नळीला नवी भोकं हवीत. आरसा आधी काढून झाकणाच्या डब्यात ठेवला. त्याचा ॲल्युमिनियमचा लेप काचेच्या पुढच्या बाजूला असतो. मऊ फडक्यानेही त्यावर ओरखडे उठतात. नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळली, टोकं जुळली तिथे कापली आणि तिच्या तीन सारख्या घड्या घातल्या. झाल्या भोकांच्या खुणा! शहापूरच्या लेथवाल्याने ड्रिल लावण्याआधी एकच सांगितलं, "भाऊ, आतून लाकडाचा ठोकळा धरा, नाहीतर पत्रा दबेल." लोखंडाचा कीस ब्रशने झाडून, नळी दोनदा पुसून मगच आरसा परत बसवला.

याची किंमत मोजावी लागते. माझ्या दुर्बिणीचं नाभीय अंतर ७५० मिलिमीटर, म्हणजे आरशाच्या व्यासाच्या पाचपट. त्यामुळे आरसा ४० मिलिमीटर पुढे आला, की तिरप्या आरशावर पडणारा झोत ८ मिलिमीटरने रुंदावतो. लहान आरसा अपुरा पडून फोटोचे कोपरे काळवंडतात. त्यावर उपाय सोपा आहे: पहाटे नळीच्या तोंडावर पांढरं सुती कापड ताणून काही फोटो घ्यायचे आणि त्यांच्या आधारे कॉम्प्युटरवर कोपरे उजळून घ्यायचे. डोळ्याने बघायचं असेल तेव्हा फोकसरला जोडनळी लावावी लागते.

ताऱ्यांमागे दुर्बीण फिरवणारी मोटर नसेल तर एवढ्या नाभीय अंतराला अर्ध्या सेकंदात ताऱ्यांच्या रेघा होतात. म्हणून मोटर लावून दुर्बिणीच्या माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा. इथे ध्रुव क्षितिजापासून साडेएकोणीस अंशांवर, हात लांब करून धरलेल्या एका वितीएवढा. वायव्येला माहुलीचे सुळके. त्यांच्या उजवीकडे तो सापडतो. नैऋत्येला कल्याण-भिवंडीचा उजेड आकाशात चढतो, त्यामुळे डिसेंबरात मृग नक्षत्र पूर्वेला असतानाच काम उरकलेलं बरं.

आरसा पुढे बसवल्यावर डिसेंबरातल्या एका रात्री मृगातल्या तेजोमेघाचे तीस-तीस सेकंदांचे साठ फोटो घेतले. पहिल्याच फोटोत गुलाबी पंख पसरलेले दिसले. हा तेजोमेघ मी वांगणीला खगोल मंडळाच्या आकाशदर्शनात पाहिला होता. तिथे तो डोळ्याला राखाडी धुरकट दिसला होता. लंडनजवळ ईलिंगला अँड्र्यू कॉमन यांनी १८८३ साली ३६ इंची परावर्तकातून याच तेजोमेघाचा फोटो घेतला, तेव्हा डोळ्याला न दिसणारे तारे काचेवर उमटले होते. एवढी खटपट कशासाठी, याचं उत्तर मला त्या फोटोत मिळतं.

तुमच्याकडे अशी दुर्बीण असेल तर ड्रिल हातात घेण्याआधी एका चांदण्या रात्री बटर पेपर आणि पट्टी घेऊन बसा. माझे ४० मिलिमीटर तुमच्या उपयोगाचे नाहीत. प्रत्येक दुर्बिणीचा आकडा वेगळा येतो.