न वितळता जांभळे होणारे सोने
काचेवर सोने आणि ॲल्युमिनियम यांचे अतिशय पातळ थर एकावर एक चढवले, तर २०० अंश सेल्सिअसच्या आसपासही ते एकमेकांत मुरतात. प्रमाण जुळले तर चक्क जांभळे संयुग तयार होते. ॲल्युमिनियम वितळते ६६० अंशांना, सोने १०६४ला. मग हे कसे, ही शंका रास्तच. पण अणूंना सरकायला धातूचा रस व्हावा लागत नाही. उष्णतेने त्यांची हालचाल वाढते आणि स्फटिककणांच्या सीमा त्यांना वाट देतात. जाड तुकड्यांतही हेच घडते, फक्त सांध्यापुरते. अंतर दहापट झाले की वेळ साधारण शंभरपट लागतो. पातळ थरात तेवढे अंतरच नसते. शिवाय दोन्ही धातू सारख्या वेगाने सरकत नसल्याने मागे पोकळ्या उरतात. इलेक्ट्रॉनिक भागांतले सोन्या-ॲल्युमिनियमचे सांधे यामुळेच निकामी होत. अभियंत्यांनी या दुखण्याला ‘जांभळा प्लेग’ असे नाव दिले.