कापसाच्या साखळीतून लिथियम

पाठीवर बॅटरीचा पंप अडकवून पऱ्हाटीवर फवारणी करणारा माणूस राळेगाव तालुक्यात आता नवलाचा राहिलेला नाही. काही पंपांत लिथियमची बॅटरी असते. तिच्या पोटात लिथियमचे आयन ये-जा करतात ते एका द्रवातून, आणि तो द्रव पेट घेणारा. त्याऐवजी प्लास्टिकचा पातळ पापुद्रा बसवता येईल का, याचा शोध जवळजवळ अर्धशतक चालू आहे.

१९७३ मध्ये इंग्लंडात पीटर राइट आणि सहकाऱ्यांनी पॉलिइथिलीन ऑक्साइड या बहुवारिकात (पॉलिमरमध्ये) धातूंचे क्षार विरघळतात हे दाखवलं. १९७८ मध्ये फ्रान्सच्या मिशेल आर्मां यांनी त्यापासून बॅटरी बनवण्याची कल्पना मांडली. या बहुवारिकाच्या लांब साखळीत दर दोन कार्बननंतर एक ऑक्सिजन येतो. असे चार-सहा ऑक्सिजन मिळून लिथियमला धरून ठेवतात. साखळी वळवळली की पकड सैल होते आणि विहिरीवर घागर हातोहात पुढे जावी तसा आयन सरकतो. साखळ्या स्फटिकासारख्या घट्ट रचल्या गेल्या, की सगळं ठप्प. ही रचना वितळते साधारण ६५ अंशांना. राळेगावचा मे महिना ४५ वर गेला तरी कमीच! पॅरिसमध्ये २०११ साली भाड्याने मिळू लागलेल्या ‘ऑटोलिब’ मोटारींत अशाच बॅटऱ्या होत्या, त्या गरम ठेवाव्या लागत.

मग क्षारच वाढवला तर? इथे खरी गंमत आहे. सुरुवातीला वाहकता वाढते, कारण वाहणारे आयन वाढतात. पुढे गर्दी होते. धन लिथियम आणि ऋण आयन यांची जोडी जमते. जोडीवर एकूण भार शून्य, त्यामुळे ती हलली तरी वीज वाहत नाही. शिवाय एकच लिथियम दोन साखळ्यांना बांधून टाकतो आणि त्यांची वळवळ मंदावते. वाहकता घसरू लागते. म्हणून ऋण भार मोठ्या रेणूवर पसरलेले, लिथियमला फार न चिकटणारे क्षार निवडले जातात. तरीही या बहुवारिकात प्रवाहाचा जेमतेम चौथा हिस्सा लिथियम वाहतो, बाकीचा उलट दिशेने जाणारा ऋण आयन.

ऑक्सिजनने भरलेली साखळी तर राळेगावच्या शेतातही पिकते. कापूस म्हणजे बहुतांश सेल्युलोज. पण त्याच्या साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या, की लिथियमला शिरायला जागाच नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठाच्या लियांगबिंग हू यांच्या गटाने सेल्युलोजच्या साखळ्यांमध्ये तांब्याचे आयन घालून ही जागा मोकळी केली. साध्या तापमानाला वाहकता द्रवाच्या जवळपास पोचली आणि लिथियमचा वाटा पाऊण भागाहून जास्त झाला. साखळी वळवळण्याची वाट पाहायची गरज उरली नाही, हे त्यातलं मोठं पाऊल.

त्यांनी सेल्युलोज घेतलं ते लाकडातलं. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला चिकटून राहणारी आखूड लव मात्र उद्योगात शुद्ध सेल्युलोजसाठी आधीपासूनच वापरली जाते.