भडकल दरवाजा : मुक्त झालेल्या गुलामाची विजयखूण

छत्रपती संभाजीनगरचा भडकल दरवाजा मलिक अंबरने १६१२ मध्ये मोगलांवरच्या विजयाच्या स्मरणार्थ उभारला. त्याआधी दोन वर्षं त्यानेच खडकी या गावी हे शहर वसवलं होतं. ही उंच कमान बघताना एक गोष्ट विसरू नये: ती बांधणारा माणूस कधीकाळी बाजारात विकला गेला होता.

अंबर इथिओपियाचा; जन्म १५४८ च्या सुमाराचा. बगदादमार्गे तो दख्खनेत आला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतलं, आणि हा चंगीझखानही एकेकाळचा हबशी गुलामच. धनी वारल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मोकळं केलं. पुढे १६०० मध्ये अहमदनगर पडलं, तेव्हा बुडती निजामशाही सावरायला हाच पुढे आला.

आणि सैन्य? मालोजी, शहाजी यांच्यासारखे मराठे सरदार त्याच्या बाजूने लढले. १६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र आल्या आणि हरल्या. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. याच्याशी अमेरिका ताडून पाहा: तिथल्या यादवी युद्धात लिंकनने १ जानेवारी १८६३ ला गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला, तेव्हा उत्तरेचे कित्येक गोरे सैनिक बिथरले. आपण संघराज्य राखायला आलो, गुलाम सोडवायला नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढे पावणेदोन लाखांहून जास्त काळे सैनिक त्याच फौजेत लढले. अधिकारी मात्र बहुतेक गोरेच राहिले. दख्खनेत अडीचशे वर्षं आधी मुक्त गुलाम स्वतःच सेनापती होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

अंबरचा राग आला तो मोगल बादशहा जहांगीरला. आत्मचरित्रात त्याने अंबरच्या काळ्या रंगावरून शिव्या दिल्या, आणि दरबारी चित्रकार अबुल हसनने बादशहा अंबरच्या तुटक्या मुंडक्यावर बाण सोडतोय असं चित्र काढलं. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याच्या हाती कधीच लागलं नाही. १६२६ मध्ये अंबर वारला, तेव्हा मोगल इतिहासकार मुतमदखानाने त्याची तोंडभरून स्तुती केली.

पण अंबरने गुलामगिरी मोडली नाही. हबशी विकत घेणं चालूच राहिलं. सुटका होई ती एकेकाची, धन्याच्या मर्जीने. ती प्रथाच संपवल्याबद्दल जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केला. फुल्यांना गुरू मानणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आज याच दरवाजाजवळ आहे. १४ एप्रिलला इथे गर्दी लोटते.

दरवाजा पाहून खुलताबादला जावं. अंतर पंचविसेक किलोमीटर. अंबरची घुमटाची कबर तिथे आहे, आणि जवळच त्याची पत्नी करीमा हिचीही.