घडीच्या रेषेवर बोट

जुन्या चित्रपटांच्या पोस्टरांना बाजारात काय भाव येतो ते लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. आकडे दोन दिवसांत जमले. 'मेट्रोपोलिस' या 1927च्या जर्मन मूकपटाचं पोस्टर 2005 साली 6 लाख 90 हजार डॉलरला गेलं, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण तीन कोटी रुपयांना. 1931च्या 'ड्रॅक्युला'च्या पोस्टरला 2017मध्ये 5 लाख 25 हजार 800 डॉलर मिळाले. आपल्याकडे या शतकाच्या सुरुवातीला ओशियान्स या लिलावसंस्थेने सिनेमाचा कागद चित्रांच्या शेजारी लिलावात मांडला आणि रद्दीच्या भावात जाणाऱ्या घड्यांकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले. पण एक प्रश्न सुटेना. खळ फासून भिंतीला लावायचा आणि पुढच्या शुक्रवारी त्याच्यावरच दुसरा चिकटवायचा, एवढंच ज्या कागदाचं आयुष्य, तो खरा की नंतर छापलेला हे ठरवतं कोण? हा प्रश्न घेऊन मी डोंबिवलीत मानपाडा रोडवरच्या एका इमारतीचे तीन जिने चढले.

तिथे राहणाऱ्या काकांची एकच अट होती, नाव छापायचं नाही. मुंबईतल्या ऑफसेट छापखान्यांत त्यांची उभी हयात प्लेट बनवण्यात गेली. रोज लोकलने जायचं, रात्री हाताला शाईचा वास घेऊन यायचं. पोस्टरं जमवायची असं कधी ठरवलं नव्हतं. मशीन लावताना बाद झालेले ताव घरी आणता आणता सवय लागली. आज दोन खोल्यांच्या घरातला दिवाण त्या तावांनी भरलाय. वरच्या गादीवर नातवंडं झोपतात.

मी सोबत माझं एक पोस्टर नेलं होतं, 'मुघल-ए-आझम'चं. काही वर्षांपूर्वी एका जुन्या बाजारातल्या विक्रेत्याकडून घेतलेलं, 'पहिल्या रिलीजचं, 1960चं' असं त्याने छातीठोकपणे सांगितलेलं. काकांनी ते जेवणाच्या टेबलावर पसरलं. अनारकलीकडे पाहिलंसुद्धा नाही. मधल्या घडीच्या रेषेवर बोट ठेवून वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आता तुम्ही फिरवा. नखाने नको, बोटाच्या पोटाने."

मी फिरवलं. डोळ्यांना घडी स्पष्ट दिसत होती, रंग उडालेली, कडेला पिवळी पडलेली. बोटाला काहीच लागलं नाही. कागद गुळगुळीत होता. घडी कागदाला पडलेली नव्हती, कागदावर छापलेली होती. कुणीतरी खऱ्या पोस्टरचा फोटो काढला, त्यातून प्लेट केली आणि जुन्या पोस्टरचं म्हातारपणही नव्या कागदावर उतरवलं.

मग त्यांनी भिंग काढलं. प्लेट खात्यात वापरतात तसलं, कागदावर टेकवून वरून डोळा लावायचं. ऑफसेटचं चित्र ठिपक्यांचं असतं. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार रंगांचे ठिपके वेगवेगळ्या कोनांत बसवले की भिंगाखाली गुलाबाच्या पाकळ्यांसारखी नीट जाळी दिसते. छापील चित्रावरून पुन्हा चित्र काढलं तर जुन्या जाळीवर नवी जाळी बसते आणि दोघींची लाटालाटांची गिचमीड होते. माझ्या पोस्टरवर सलीमच्या गालावर तशाच लाटा उठल्या होत्या. मला वाईट वाटलं, पण फार वेळ नाही, कारण काका तोवर दिवाणाची फळी उचलून खरी वस्तू काढत होते.

ते पोस्टर लिथोचं होतं, पन्नासच्या दशकातलं. भिंगाखाली ठिपके नव्हतेच. खडूने मारावेत तसे दाणेदार फटकारे होते आणि लाल रंग निळ्यावर जिथे चढला होता तिथे एक जांभळी किनार होती. "रजिस्टर हललंय," काका म्हणाले, म्हणजे रंग एकमेकांवर नेमके बसले नव्हते. त्यांच्या आवाजात कौतुक होतं. लिथोत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड किंवा जस्ताची प्लेट लागायची. लिथो आर्टिस्ट मूळ चित्र समोर ठेवून तेलकट खडूने एकेक रंग हाताने उलटा काढायचा. ओल्या दगडावर शाई फक्त तेलकट जागी धरते, एवढ्याच गुणावर सगळं काम चालायचं. छपाई संपली की दगड घासून साफ करायचे आणि त्यावर पुढचं चित्र. त्यामुळे मूळ असं काही मागे उरतच नाही, उरतो तो फक्त कागद.

ही विद्या आपल्या सिनेमाच्या आधीची आहे. राजा रविवर्म्यांनी 1894मध्ये घाटकोपरला लिथोचा छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. याच छापखान्यासाठी दादासाहेब फाळक्यांनी सिनेमात येण्याआधी काम केलं होतं. मग कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आले. नाटकांचे पडदे रंगवणारा हा माणूस स्वतः कॅमेरा बनवतो, 1920ला 'सैरंध्री' काढतो आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरंही रंगवतो. त्यांच्या 1924च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर आजवर टिकलेलं सगळ्यांत जुनं भारतीय चित्रमय पोस्टर मानलं जातं. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट काळाने गिळले, पण हा कागद राहिला. ज्या कल्याणच्या खजिन्याची ती गोष्ट, ते कल्याण काकांच्या घरापासून रिक्षाने जाण्याइतकं जवळ आहे, आणि हे सांगताना काकांना होणारा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

पुढे एस. एम. पंडित आले, रघुवीर मुळगावकर आले. सत्तरच्या दशकात दिवाकर करकरे आले, त्यांनी रंग ब्रशऐवजी सुरीने थापला आणि अमिताभचा राग भिंतीवर आणला. ही नावं आता पुस्तकांत आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने 2002 साली हिंदी सिनेमाच्या दृश्यकलेचं प्रदर्शन भरवलं, तेव्हापासून तर परदेशातले संग्राहकही ती ओळखतात. दगडावर उलटा चेहरा काढणाऱ्या लिथो आर्टिस्टचं नाव मात्र कुठल्या पोस्टरवर मला दिसलं नाही.

भावाची खरी अडचण इथूनच सुरू होते. अमेरिकेत 1940पासून बहुतेक पोस्टरांचं वाटप नॅशनल स्क्रीन सर्व्हिस ही एकच कंपनी करायची. तळाशी साल आणि अनुक्रमांक छापलेला असायचा, आणि चित्रपट पुन्हा लागला की त्या आकड्याआधी 'आर' हे अक्षर. घेणाऱ्याने तळ वाचला की काम झालं. आपल्याकडे 'मदर इंडिया' 1957ला आला आणि नंतर पुन्हा पुन्हा लागत राहिला. दर वेळी गरजेप्रमाणे नवी पोस्टरं छापली गेली. ती बनावट नाहीत, त्यांनीही थिएटरं भरली. पण पहिल्या छपाईची किंमत त्यांना नाही, आणि दोन्हींत फरक सांगणारा अनुक्रमांकही नाही. तळाच्या पांढऱ्या पट्टीत बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असतं, तेवढाच पुरावा. कुठल्या छापखान्यात कुठलं मशीन कधी आलं, लिथो कधी बंद झालं, पत्ता कधी बदलला, हे माहीत असेल तर त्या एका ओळीवरून दशक सांगता येतं. काकांना ते येतं. लिलावाच्या यादीत नटाचं नाव मोठं असतं, दिग्दर्शकाचं असतं, क्वचित चित्रकाराचं असतं. छापखान्याची ओळ मी पाहिलेल्या याद्यांत जवळपास नव्हतीच.

आणि नेमकी तीच ओळ लोक कापून टाकतात. हौसेने पोस्टर घेतात, फ्रेमवाल्याकडे नेतात, त्याच्याकडच्या मापात बसत नाही म्हणून तो खालची पट्टी उडवतो. कुणी फाटलेल्या जागी सेलोटेप लावतं. दहा वर्षांत तिचा गोंद तपकिरी होऊन कागदात असा उतरतो की मग निघत नाही. कुणी लॅमिनेशन करतं. कुणी प्लायवर फेविकॉलने चिकटवतं. जाणकार जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ वापरून मागून अस्तर देतात, कारण ती पुढे पाण्याने सोडवता येते. पण त्या कामाची मजुरी कित्येकदा पोस्टरच्या किमतीहून जास्त होते, आणि स्वतःच्या पेन्शनमधून जमवणाऱ्याला ती झेपत नाही.

पावसाळ्यात काकांच्या भिंतीला ओल येते. जून ते सप्टेंबर ते दर रविवारी दिवाण उघडतात, घड्या पंख्याखाली धरतात, कसर लागली का पाहतात. घडीच्या जागी तंतू तुटत आलेत, म्हणून उलगडायचं तरी भय आणि घडी घालून ठेवायचं तरी भय. आडवं सपाट ठेवावं, तर तीस बाय चाळीस इंचांचा ताव या घरात ठेवायचा कुठे? पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला द्यावं का, असं मी विचारलं. 1964पासून ती संस्था सिनेमाचा कागदही जपते आहे. "देणार आहे," ते म्हणाले. "पण नुसती पोस्टरं नेतील ना? मी कुठल्या छापखान्याबद्दल काय सांगतो ते कोण लिहून घेणार?" मुलाने एकदा एका पोस्टरचा फोटो काढून कुणाला पाठवला होता, तिकडून बरी रक्कम सांगितली गेली. काकूंना वाटतं विकावं, गुडघ्याचं ऑपरेशन राहिलंय. त्यांचं चुकतंय असं मला वाटलं नाही.

किमतीचा पाठलाग करणाऱ्यांवर माझा राग नाही. भाव आला म्हणून कित्येक घड्या भट्टीतून वाचल्या. पेनसिल्व्हेनियातल्या बर्विक गावात एका माळ्यावर वॉलपेपरच्या गोंदाने एकमेकांना चिकटलेली 33 पोस्टरं सापडली, ती वाफेने सोडवली गेली आणि 2012मध्ये पाच लाख डॉलरच्या वर विकली गेली. ते गाठोडं कुणी फेकलं नाही, कारण तोवर अशा कागदाला किंमत असते हे लोकांना माहीत झालं होतं. मला काळजी आहे ती वेगळीच. पोस्टर वाचेल, त्याचा भाव दर वर्षी वाढेल, आणि बोट फिरवून खरंखोटं सांगणारी माणसं तोवर गेलेली असतील.

निघताना काकांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा उघडला. आत कागदाच्या पट्ट्या होत्या, बोटभर रुंद, हातभर लांब, रबरबँड लावून गुंडाळलेल्या. ओळखीच्या फ्रेमवाल्याला त्यांनी सांगून ठेवलंय की पोस्टर कापलंस तर खालची पट्टी टाकू नकोस, मला दे. प्रत्येकीवर छापखान्याचं नाव आहे, पत्ता आहे. कुठल्या पोस्टरची ते मागे पेन्सिलने लिहिलंय. एका पट्टीमागे नुसतं प्रश्नचिन्ह होतं. समोरच्या बाजूला छापखान्याच्या नावाच्या वर कापलेल्या चित्राचा एक तुकडा राहिला होता, हिरव्या लुगड्याचा काठ आणि पायाची दोन बोटं.

काकांनी ती पट्टी माझ्या हातात दिली आणि भिंग पुढे केलं. "ठिपके आहेत का बघा," ते म्हणाले.

नव्हते.